कानशिलाचं हाड मोडलं, तिसऱ्या दिवशी चेहरा वाकडा झाला: आमचा अनुभव आणि काही प्रश्न

कृष्णाकाठची (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. गेल्या तीन आठवड्यांत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर आमच्या दोन चुका टळल्या असत्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ, वय २७. राखीपौर्णिमेच्या आदल्या रात्री साताऱ्याहून कराडला माझ्याकडे यायला निघाला. उंब्रजच्या अलीकडे गाडीपुढे कुत्रं आलं, गाडी घसरली आणि तो उजव्या अंगावर पडला. हेल्मेट डोक्यावर होतं, पण हनुवटीखालचा पट्टा लावलेला नव्हता. डोकं रस्त्यावर आपटण्याआधीच ते निघून गेलं होतं. पाच-दहा मिनिटं शुद्ध नव्हती. मागून येणाऱ्या दोघांनी १०८ ला फोन केला, गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. त्यांची नावंही आम्हाला माहीत नाहीत.

उजव्या कानातून रक्त येत होतं. ते थांबावं म्हणून कुणीतरी रुमालाची गुंडाळी करून कानात घट्ट बसवली होती. हेतू चांगलाच होता. दवाखान्यात मेंदूचा सीटी झाला, आत रक्तस्राव नाही म्हणाले. ते ऐकून आम्ही सगळे मटकन खालीच बसलो. कानाचं काय, हे त्या रात्री आम्ही विचारलंही नाही. जीव वाचला, आता कानाचं काय घेऊन बसायचं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातच राखी बांधली. त्याच दिवशी आत्या लसूण घालून कडवलेलं तेल वाटीत घेऊन आली. कान दुखतोय म्हणतोय तर दोन थेंब सोडू, म्हणाली. मी कापूस भिजवलाही होता. ड्यूटीवरच्या सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी हात धरला. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी कानामागे जांभळा-काळा डाग उठला. आम्हाला वाटलं, मुका मार असेल.

सोमवारी संध्याकाळी चहा पिताना उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळला. त्याला कळलंच नाही. मी रुमाल पुढे केला तर तो हसला आणि अर्धाच चेहरा हसला. उजवा डोळा मिटत नव्हता, आतला पांढरा भाग दिसत होता. आम्हाला वाटलं पक्षाघात झाला. आई रडायलाच लागली.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चेहरा पडल्या पडल्या वाकडा झाला की नंतर?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आई म्हणे पहिल्यापासूनच सुजलेला होता, भावोजी म्हणे नाही. पहिल्या दवाखान्याच्या कागदांवर चेहऱ्याबद्दल एक शब्द नव्हता. डॉक्टर म्हणाले, यावर पुढचं सगळं ठरतं. तेव्हा मला राखीचा व्हिडिओ आठवला. चाळीस सेकंदांचा. मी ओवाळताना तो म्हणतोय, "ताई, पेढा मोठा आण," आणि हसतोय. डॉक्टरांनी तो चार वेळा पाहिला. मध्येच थांबवून बोटाने दाखवलं: कपाळाला दोन्हीकडे आठ्या, दोन्ही डोळे बारीक, ओठांचे दोन्ही कोपरे वर. म्हणाले, "शनिवारी नस चालू होती. चांगली गोष्ट आहे."

नंतर कानाचा वेगळा बारीक सीटी झाला. उजव्या शंखास्थीला, म्हणजे कानशिलाच्या हाडाला, फ्रॅक्चर निघालं. गोळ्या सुरू आहेत, ऑपरेशन सध्या नाही. ऐकू फार कमी येतं. कूस बदलली की खोली फिरते.

माझे प्रश्न: चेहरा पूर्ण सरळ होईल का? ऐकू येईल का? आणि पहिल्या सीटीत हे दिसलं का नाही?

---

मोहोर | सोमवार, रात्री १०.०५

वाचताना अंगावर काटा आला गं. भावाला लवकर बरं वाटू दे. त्या सिस्टरना माझाही नमस्कार सांग.

---

कानोसा | मंगळवार, सकाळी ६.५०

ताई, मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे, कोल्हापूर भागात अठरा वर्षं काम करतोय. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्यापुरता शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण प्रश्न महत्त्वाचे आहेत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मेंदूचा सीटी मेंदूसाठी काढतात. त्याचे छेद जाड असतात आणि शंखास्थीतली रचना मिलिमीटरच्या हिशोबाची आहे. त्यातली रिकीब, म्हणजे ऐकण्याच्या साखळीतलं चिमुकलं हाड, साधारण तीन मिलिमीटर उंचीची. तिच्याजवळून जाणारी भेग जाड छेदात सहज निसटते. म्हणून कानातून रक्त आलं असेल, कानामागे डाग असेल, ऐकू येत नसेल किंवा चेहरा ओढला असेल तर शंखास्थीचा एचआरसीटी वेगळा काढावा लागतो. त्याचे छेद एक मिलिमीटरहून पातळ असतात. मेंदूचा सीटी 'नॉर्मल' आला म्हणून कानाचं हाड नॉर्मल असं धरता येत नाही.

कानामागचा डाग मुका मार नव्हता. त्याला बॅटल साइन म्हणतात, बॅटल नावाच्या इंग्रज सर्जनवरून. कवटीच्या तळाचं हाड मोडलं की रक्त झिरपत त्वचेपर्यंत यायला एक-दोन दिवस लागतात. अपघाताच्या रात्री तो दिसत नाही आणि डिस्चार्जच्या घाईत कुणी कान पुढे वाकवून बघत नाही.

आता चेहरा. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस मेंदूतून निघून शंखास्थीतल्या एका बोगद्यातून सुमारे तीन सेंटीमीटर प्रवास करते. बोगदा सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरहूनही कमी रुंद आहे. आपटल्या क्षणी चेहरा पूर्ण लुळा पडला तर नस तुटली असेल, हाडाच्या तुकड्याने टोचली असेल किंवा चेपली असेल, अशी शंका घ्यावी लागते. एक-दोन दिवसांनी पडला तर नस अखंड आहे, तिला सूज आली आणि फुगायला जागा नाही म्हणून ती दबली, असं बहुतेक वेळा असतं. दुसऱ्या प्रकारात औषधांवर, वाट बघून, बहुसंख्य रुग्णांचा चेहरा चांगला सुधारतो. पहिल्या प्रकारात नसेची विद्युत चाचणी करतात. ती तिसऱ्या दिवसाआधी करून उपयोग नसतो, कारण तुटलेल्या नसेचं पुढचं टोकही सुमारे ७२ तास विजेला प्रतिसाद देत राहतं. दोन आठवड्यांच्या आत नव्वद टक्क्यांहून जास्त तंतू निकामी झालेले दिसले तर हाड उघडून नस मोकळी करण्याचा विचार करतात.

म्हणजे 'चेहरा कधी वाकडा झाला' या एका उत्तरावर औषध की ऑपरेशन हे बरंचसं अवलंबून असतं. आणि ते उत्तर अनेकदा कुणाकडेच नसतं. रुग्ण बेशुद्ध, तोंडात नळी, चेहरा सुजलेला, नातेवाईक हादरलेले. तुमच्याकडे राखीचा व्हिडिओ होता. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी एकाकडेही असं काही नसतं.

कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो: स्टिरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नका. २००४ साली 'क्रॅश' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. डोक्याला मार लागलेले दहा हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते, आणि मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. नसेच्या सुजेसाठी ते देतात ते मेंदूच्या सर्जनशी बोलून, मेंदूची इजा आणि साखर बघून.

डोळ्याची काळजी मात्र आजपासून. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते, आणि ती जखम चेहरा सुधारल्यावरही राहू शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून वरून कागदी चिकटपट्टी. पट्टी उघड्या बुबुळावर घासणार नाही हे बघा.

---

ताम्हण_फूल | मंगळवार, सकाळी ८.१५

डॉक्टर, पक्षाघात आणि हे घरच्या घरी ओळखायचं कसं? माझे सासरे ७४ वर्षांचे, मागच्या वर्षी असंच तोंड वाकडं झालं तेव्हा आमचीही धांदल उडाली.

---

कानोसा | मंगळवार, सकाळी ८.४०

"भुवया वर करा" म्हणायचं. कानाच्या हाडात नस दबली असेल तर त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही आणि डोळाही मिटत नाही. मेंदूतल्या झटक्यात खालचा चेहरा ओढला जातो, पण कपाळाला सहसा दोन्हीकडे आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून पुरवठा असतो. पण ही खूण बघून घरी थांबायचं नाही. अचानक तोंड वाकडं, हातापायाला अशक्तपणा, बोलणं अडखळतंय, तर थेट हॉस्पिटल.

---

देवराई | मंगळवार, दुपारी १.२०

तेलाबद्दल थोडं वेगळं मत. आमच्या घरी तीन पिढ्या कानात तेल घालतात, कुणालाही त्रास झालेला नाही. सरसकट नको म्हणणं पटत नाही.

---

कानोसा | मंगळवार, दुपारी ३.००

देवराई, धडधाकट कानाबद्दल आपण वेगळ्या धाग्यावर बोलू. इथे कान मोडलेला आहे. पडदा फाटलेला असू शकतो, त्यामागच्या छताला भेग असू शकते आणि त्या छतावर मेंदूचं आवरण टेकलेलं असतं. त्या वाटेने तेल, थेंब, पाणी, कानकोरणं काहीही आत गेलं तर जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. अपघातानंतर कानातून रक्त आलं तर स्वच्छ गॉज बाहेरून, सैल ठेवायचं. गुंडाळी आत कोंबायची नाही. आत जे आहे त्याला बाहेर यायला वाट हवी, आणि ते रक्त आहे की पाणी हे डॉक्टरांना दिसायला हवं.

पाण्याबद्दल सांगायलाच हवं. रक्त थांबल्यावर कानातून पातळ, स्वच्छ पाणी येत राहिलं, किंवा पुढे वाकलं की एकाच नाकपुडीतून पाणी टपकलं, घशात खारट लागलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. पडदा शाबूत असला की ते कानाबाहेर न येता कान आणि घसा जोडणाऱ्या नळीतून नाकात उतरतं. घरचे म्हणतात सर्दी झाली. बहुतेक गळती आठ-दहा दिवसांत आपोआप बंद होते: डोकं उशाला उंच, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, संडासला जोर करायचा नाही. त्यापुढेही चालू राहिली तर कमरेतून नळी घालून दाब कमी करतात किंवा भेग बुजवतात. ताप, मान ताठ, उजेड सहन होत नाही, सुस्ती: यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही.

---

शुद्ध_निषाद | मंगळवार, रात्री ८.३०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ऐकण्याच्या प्रश्नावर लिहिते.

ताई, कान दोन प्रकारे बंद होतो. एक, आवाज आत पोहोचत नाही: पडद्यामागे रक्त साचलंय, पडदा फाटलाय किंवा हातोडी, ऐरण, रिकीब या साखळीचा सांधा निखळलाय. दोन, आवाज पोहोचतो पण आतला कॉक्लिया (ऐकण्याचा शंखासारखा भाग) किंवा नसच जायबंदी झालीय. पहिल्यात बरंच करता येतं, दुसऱ्यात कमी. कुठला प्रकार ते कळायला खाटेशेजारीच एक साधी चाचणी होते. ५१२ हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवतात. दुखऱ्या कानात जास्त ऐकू आला तर पहिला प्रकार, चांगल्या कानात गेला तर दुसरा. मी पेशंटला कधीच विचारत नाही, "दुखऱ्या कानात येतोय ना?" फक्त "कुठे ऐकू येतोय?" विचारते. तुमच्या भावाची ही चाचणी झाली असेल तर उत्तर कागदावर असेल, बघा.

जुन्या रिपोर्टांत फ्रॅक्चर उभं की आडवं एवढंच लिहायचे. आता कानाचा आतला कठीण गाभा वाचलाय की फुटलाय ते बघतात, कारण ऐकणं आणि तोल त्या गाभ्यात आहे. बहुतेक फ्रॅक्चरमध्ये तो वाचतो. शरीरातलं सर्वांत दाट हाड आहे ते. पुरातत्त्वाचे लोक हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए काढायला हेच हाड शोधतात, इतकं ते आतलं सांभाळून ठेवतं.

पडद्यामागचं रक्त जिरायला काही आठवडे लागतात. त्यामुळे आजचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, ही फक्त नोंद. खरा दोन-तीन महिन्यांनी. तेव्हाही हवेतून (कानावाटे) आणि हाडातून (कवटीला दिलेल्या कंपनातून) ऐकण्यातलं अंतर मोठं राहिलं तर सांधा निखळलाय असं समजतात. सगळ्यात जास्त निखळतो तो ऐरण आणि रिकीब यांच्यातला.

खोली फिरते त्याचं बहुधा उत्तर आहे: आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण धक्क्याने सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत जातात. कूस बदलली की काही सेकंद गरगरतं आणि थांबतं. एप्ली नावाची, डोकं ठरावीक क्रमाने फिरवण्याची पद्धत यावर चांगली लागू पडते. पण व्हिडिओ बघून घरी करू नका. अपघाताचा पेशंट आहे, आधी मान शाबूत असल्याची खात्री हवी.

पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी: वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ऐकण्याच्या तपासण्या होतात, आणि केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र लोकांना श्रवणयंत्र मिळतं.

---

घाटमाथा | बुधवार, सकाळी ११.१०

मी चौदा वर्षांचा असताना झाडावरून पडलो होतो, डाव्या कानातून रक्त आलं होतं. आठ दिवसांत बरा झालो म्हणून विषय संपला. तिशीत कान वाहायला लागला. थोडासाच, पण वास असा की बायको उशी बदलायला सांगायची. दोन वर्षं थेंबांवर काढली. शेवटी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, पडद्याच्या वरच्या भागात पांढरं, मोत्यासारखं काहीतरी होतं. कोलेस्टिॲटोमा. त्वचा जिथे असायला नको तिथे, कानाच्या आत, वाढत होती आणि आजूबाजूचं हाड खात होती. लहानपणीच्या भेगेत त्वचा अडकली असणार, असं ते म्हणाले. मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालं, वर्षभराने पुन्हा एकदा आत बघितलं. कान कोरडा आहे, ऐकू निम्मंच येतं.

ताई, भावाला सांगा, बरं वाटलं तरी दरवर्षी एकदा कान दाखवायचा.

---

कानोसा | बुधवार, दुपारी २.३०

घाटमाथा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यात एक जोडतो. आतल्या गाभ्याचं हाड इतर हाडांसारखं हाडानेच भरून येत नाही, भेग तंतूंनी सांधते. त्यामुळे गाभा फुटलेल्या रुग्णाला पुढे काही वर्षांनी साध्या कानाच्या संसर्गातूनही मेंदूज्वर होऊ शकतो. अशांनी न्यूमोकॉकसची लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

---

सांजवात | बुधवार, रात्री ९.००

अपघाताचा नाही, पण याच हाडाचा अनुभव. बाबा ६८, मधुमेह वीस वर्षं. कान दुखतो म्हणायचे, रात्री जास्त, झोपच नाही. बाहेरून काही दिसत नव्हतं. कान साफ केला, थेंब दिले, महिना गेला. मग चेहरा ओढला. निदान झालं ते असं की, कानाच्या बाहेरच्या नळीतला संसर्ग हाडात उतरून कवटीच्या तळापर्यंत गेला होता. सहा आठवडे शिरेतून औषध. साखर आटोक्यात आणायला तेवढाच घाम गाळावा लागला. मधुमेही माणूस रात्री कान दुखून उठून बसत असेल तर साधं दुखणं समजू नका, एवढंच कळकळीने सांगते.

---

कज्जेदलाल_नाही | गुरुवार, सकाळी १०.००

वकील आहे. अपघात दाव्यात ऐकण्याचं नुकसान सिद्ध करताना पहिला ऑडिओग्राम नसणं हीच सगळ्यात मोठी अडचण येते. पहिल्या आठवड्यात नोंद करून घ्या, मूळ प्रत जपा. डिस्चार्ज कार्डावर कानातून रक्तस्राव आणि चेहऱ्याची स्थिती लिहून घ्या. मागितलं तर डॉक्टर लिहून देतात.

---

कृष्णाकाठची (धागाकर्ती) | तीन महिन्यांनी, रविवार, सायंकाळी ५.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय.

चक्कर आधी गेली. मानेचा एक्स-रे बघून एप्ली केलं, दोन वेळात थांबली. चेहऱ्याला वेळ लागला. पाचव्या आठवड्यात आरशासमोर उजवी नाकपुडी किंचित हलली. त्याने मला हाक मारून दाखवलं, मला खरं तर दिसलं नाही, पण मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात मलाही दिसलं. भाऊबीजेला ओवाळताना निरांजनाची धग लागली तसे त्याने दोन्ही डोळे मिटले. चिकटपट्टीचं अर्धं बंडल अजून कपाटात आहे.

कान मात्र तसाच. चिमटा दुखऱ्या कानात वाजत होता, म्हणजे शुद्ध_निषाद म्हणाल्या तो पहिला प्रकार. परवाच्या ऑडिओग्राममध्ये हवा आणि हाड यांच्यात ४५ डेसिबलचं अंतर आलं. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले, श्रवणयंत्र किंवा कान उघडून साखळी बघणं. तो ऑपरेशन म्हणतोय.

---

शुद्ध_निषाद | रविवार, रात्री ८.००

हाडातून ऐकणं चांगलं असेल तर दोन्ही पर्याय योग्य आहेत. ऑपरेशनआधी श्रवणयंत्र एकदा लावून बघायला सांगा, म्हणजे आतला कान किती चांगला आहे ते त्याचं त्यालाच कळेल.

---

कृष्णाकाठची (धागाकर्ती) | पंधरा दिवसांनी, शुक्रवार, रात्री ९.३०

यंत्र लावून बघितलं. पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकू आला म्हणाला.

मंगळवारी ऑपरेशन झालं. ऐरण रिकिबीपासून सुटून बाजूला कलंडली होती. सर्जननी तीच बाहेर काढून, घासून आकार देऊन पुन्हा मध्ये बसवली. रिकीब शाबूत होती. कानात पॅक आहे, पाणी लागू द्यायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. तपासणी सहा आठवड्यांनी. तोवर जेवायला आम्ही सगळे त्याच्या डाव्या हाताला बसतो.